प्रोजेक्टर, बोईसर आणि एक चौक

कुठे जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून मी पिशवी भरतो आणि पुन्हा उपसतो. एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. मी पालघरला चित्रकला शिक्षक होतो. खात्याच्या साहेबांनी फिल्मच्या पट्टीवरची चित्रं भिंतीवर दाखवणारा फिल्मस्ट्रिपचा प्रोजेक्टर हातात दिला आणि बेटेगावच्या पुढल्या एका हायस्कुलात धाडलं. "यंत्रावर चित्रकला शिकवून बघा आणि अहवाल द्या."

सकाळच्या पॅसेंजरने बोईसर गाठलं. बसायला जागा होती, पण प्रोजेक्टरची पेटी मांडीवर घ्यावी की खाली ठेवावी हे ठरेना, म्हणून उभाच राहिलो. स्टेशनबाहेर तारापूरच्या वीजघराच्या कामावरचे मजूर हिंदीत चहा मागत होते. पुढे बैलगाडी, सव्वा रुपया. आज जाल तर रिक्षा मिळेल. गाडीवान लाहनू वारली होता, निवांत माणूस. "अजून किती?" असं विचारून मी त्याला भंडावून सोडलं.

एवढं वीजघर उभं राहत होतं, पण शाळेत वीज नव्हती! ट्रकची बॅटरी जोडली, खिडक्यांना गोणपाट लावलं, भिंतीवर धोतर ताणलं. हेडमास्तर म्हणाले, "चित्रकलेला बाराच मुलं घेता येतील. तुम्ही निवडा. बाकीची शेतीच्या तासाला." आठवीतली रखमी, वारल्यांची मुलगी, पुढेच बसली होती. तिच्या वहीच्या कडेने कोंबडे, शिड्या, ताडाची झाडं नुसती धावत होती. हिला घ्यायचं, हे मी तिथेच ठरवलं.

फिल्मच्या पट्टीवरचं पहिलं चित्र म्हणजे साधा चौकोन. बॅटरी उतरेल या धास्तीने मी घाईघाईत म्हणालो, "दिसतोय तसा चौक काढा." सगळी कामाला लागली. रखमीने पेन्सिल खाली ठेवली.

"काढ की!"

"चौक नाय काडायचा, गुर्जी."

माझं डोकंच फिरलं. एवढा उद्धटपणा! यादीत तिचं नाव घातलं नाही. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती, पण मला चव कळली नाही.

परतताना लाहनूपाशी कुरकुर केली. तो हसला नाही.

"पोर बरोबर बोलली, सायेब. चौक म्हंजे लग्नातला, देवीचा. घराच्या भितीवर सवाशिनी काडतात. कवारी पोर नाय काडायची."

म्हणजे ती 'काढणार नाही' म्हणत नव्हती, 'काढायचा नसतो' म्हणत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाडी फिरव."

"आगगाडी चुकंल तुमची."

"चुकू दे!"

रखमी कुदळ घेऊन शेताकडे निघाली होती. तिला वर्गात नेलं. "चौक नको गं. नुसत्या चार रेषा, सारख्या." तिने खडू घेतला आणि पट्टीशिवाय काढल्या. मला राहवेना, मोजून पाहिल्या. चारही सारख्या! हेडमास्तरांनी नाक मुरडत तेरावं नाव लिहिलं.

संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. अहवालात 'अडचणी' या रकान्यात वीज, पडदा, अंधार असं सगळं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं, 'शिक्षकास चौक म्हणजे काय ते ठाऊक नव्हते.'

साहेबांनी तेवढं वाक्य खोडलं आणि अहवाल पुढे पाठवला.