पुंडलिकचा कान

गोकुळ रोडवरच्या शेषगिरी अण्णांच्या गॅरेजात पुंडलिकनं कान लावला की सगळ्यांनी गप्प बसायचं. कुणी ठरवलं नव्हतं, पण पत्रा ठोकणारा तुकाराम आपणहून हातोडा खाली ठेवायचा. गाडीचा एसी लागत नसला की पुंडलिक इंजिन बंद ठेवून बॅटरीची वायर थेट कॉम्प्रेसरच्या क्लचला लावायचा आणि डोळे मिटायचा. क्लचची चकती टक् करून चिकटली तर दोष बटणाकडून येणाऱ्या वायरीत. नाही चिकटली तर क्लच जळाला. हुबळी-धारवाडात एसीच्या गाड्या असून असून किती? जेवढ्या होत्या तेवढ्या त्याच्याकडंच यायच्या.

तुकारामच्या पत्र्याशेजारी अठरा वर्षं काढून कान कधी गेला, ते त्याला कळलं नाही. खोटं कशाला बोला, कळलं होतं. बायको वत्सला घरी काही बोलली की न ऐकताच तो "हां" म्हणायचा. तीही वर्षभर गप्प होती. कान गेल्याचं बाहेर फुटलं तर हे काम गेलं, एवढं दोघांनाही ठाऊक होतं.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात धारवाडच्या मळमड्डीतल्या एका वकिलांची अँबॅसिडर आली.

"मिस्त्री, पंखा फिरतोय, पण एसी काय लागेना," ड्रायव्हर मधुकर म्हणाला. "साहेब घामानं भिजून कोर्टात जातात, आणि शिव्या मला."

पुंडलिकनं फ्यूज बघितला. चांगला होता. मग क्लचला वायर लावली. तुकारामनं हातोडा ठेवला. सगळं गॅरेज गप्प झालं.

पुंडलिकनं वायर काढली, परत लावली.

"क्लच गेला. मुंबईहून मागवावा लागंल."

तुकाराम जमिनीकडं बघत राहिला.

मधुकर हसला. "चेष्टा करताय काय मिस्त्री? दोनदा टक् झालं की. मला इथपर्यंत ऐकू आलं."

"नाही झालं."

"ह्यांना विचारा की मग."

पुंडलिकनं एकेकाचं तोंड बघितलं. कुणी नजर देईना. मग त्यानं चकतीवर बोटं ठेवली आणि वायर लावली. बोटांखाली चकती आत ओढली गेली. कानात काहीच नव्हतं.

बटणामागची वायर सुटली होती. दहा मिनिटांत एसी लागला. मधुकर थंड वाऱ्यासमोर तोंड करून बसला.

शेषगिरी अण्णा दारातून सगळं बघत होते.

"रस्त्यावर लॉरी गेली, अण्णा," तुकाराम म्हणाला. "मलाही नीट ऐकू आलं नाही."

"बिडो, सोड ते तुकाराम, पुरे. लॉरी नव्हती." मग ते पुंडलिकच्या पाठीकडं बघून म्हणाले, "पुंडलिक, उद्यापासून तू पंक्चर काढ."

पुंडलिक वाकून टेप गुंडाळत होता. अण्णांनी परत तेच सांगितलं. टेप गुंडाळणं चालूच.

शेवटी तुकाराम उठला. पुंडलिकच्या समोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला ते सांगावं लागलं.

"हां," पुंडलिक म्हणाला.

ऐकून म्हणाला की तसाच, ते विचारायचं तुकारामला धाडस झालं नाही.