फुफीच्या नाण्याची कडी

फुफी गेल्याची तार भिलाईला माझ्या हातात पडली तेव्हा ती जाऊन दोन दिवस झाले होते. फुफी म्हणजे माझ्या बापाची बहीण. आईमागे तिनंच मला वाढवलं. इंग्रजाच्या राज्यात सत्याग्रहात सरकारी रानातलं गवत कापून तुरुंगात गेलेली, आर्णीजवळच्या आमच्या तांड्यातली ती एकटीच बाई.

स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली तेव्हा तालुक्याच्या समितीनं अशा लोकांना चांदीचं नाणं दिलं, मखमलीच्या डबीत. फुफीनं ते उलटसुलट पाहिलं अन् म्हणाली, "कडी लावाची विसरले वाटते बिचारे." दुसऱ्याच दिवशी सोनाराकडून कडी डाखून घेतली आणि आपल्या रुपयांच्या हारात नाणं मधोमध ओवलं. आमच्याकडे मानाची चांदी गळ्यात असते, डबीत नसते. पुढच्या पंधरा ऑगस्टला ती तो हार घालून झेंड्यापाशी उभी राहिली, तर समितीचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, हे राष्ट्राचं नाणं आहे, दागिना नव्हे. विटंबना केलीत!" फुफी म्हणे, "राणीछाप रुपयाले कडी लावली तवा तं इंग्रजही काही बोलला नाही, भाऊ." लोक हसले. तेच झोंबलं असावं… त्यांनी हार उतरवायला लावून नाणं ठेवून घेतलं. म्हणाले, नीट करून देतो.

मग दर बाजारी ती त्यांच्या दाराशी. "माह्यं नाणं झालं का?" "पुढच्या बाजारी या." शेवटी मला म्हणाली, "तू चार बुकं शिकला, बेटा. कलेक्टरले अर्ज लिह्य." मी लिहिला. पण चौथीतून शाळा सुटलेल्या मला भिलाईची नोकरी त्याच अध्यक्षांच्या चिठ्ठीनं लागली होती. चिठ्ठीनं आलेली नोकरी चिठ्ठीनं जाईल, असं वाटायचं… अर्ज टाकलाच नाही. सुटीवर गेलो की ती विचारायची, "काहून रे, जवाब नाही आला?" मी म्हणायचो, "सरकारी काम आहे, फुफी." मागच्या खेपेला मात्र ताटात भाकर वाढता वाढता म्हणाली, "राहू दे थो अर्ज. तुह्या नोकरीले काही होऊ नाही."

तेराव्याला अध्यक्ष स्वतः आले. फुफीबद्दल चांगलं बोलले. नाणं माझ्या हातावर ठेवलं. कडी काढून, घासून, चकचकीत केलेलं. "आता कसं शोभतं!" सोनाराचं अर्ध्या तासाचं काम, त्याला सहा वर्षं. आणि मी… मी हात जोडले. "उपकार झाले, साहेब."

हे छापायला देतानाही धास्ती आहेच. नाणं इथं माझ्या ट्रंकेत असतं. कडी होती तिथला काठ जरा खोल घासला गेलाय. हातात घेतलं की अंगठा आधी तिथंच जातो.