राखीव माळ

दुसरी प्रत मामांनी केलीच नव्हती, असं मी मालकांना सांगितलं. ते खोटं होतं. मामांनी ती केली होती, कपाटात ठेवली होती, आणि तिथून काढून मागावर चढवायला मीच दिली होती.

आज माझ्याकडे एका मोठ्या कार्यालयातली संगणकाच्या टेपांची खोली आहे. दिवसभराच्या कामाची नक्कल टेपवर उतरवायची, चिठ्ठी लावून कपाटात ठेवायची, आणखी एक नक्कल दुसऱ्या इमारतीत पाठवायची. दर शनिवारी एखादी जुनी टेप काढून ती अजून वाचता येते का, हे मी बघायला लावतो. पोरं वैतागतात. "साहेब, टेप आहे की लोणचं? किती वेळा उघडून बघायचं?" मी हसून घेतो. ही शिस्त मला कुठे लागली, ते त्यांना कधी सांगितलेलं नाही.

सत्तरच्या दशकात मी करकंबहून सोलापुरात आलो आणि चादरीच्या एका कारखान्यात पुठ्ठ्यांच्या खोलीचा कारकून झालो. चादरीवरची नक्षी तेव्हा पुठ्ठ्यांत असायची. भोकं पाडलेले शेकडो लांबट पुठ्ठे दोरीने एकमेकांना शिवले की त्यांची माळ व्हायची. ती मागावर फिरली की भोकांप्रमाणे धागे उचलले जायचे आणि नक्षी उतरायची. चालू माळा मागांवर, राखीव माळा माझ्या कपाटात, जुनेऱ्यात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून. त्या खोलीचा कोरड्या पुठ्ठ्याचा वास मला अजून आठवतो. बाहेर मागांचा खडखडाट इतका, की आत आल्यावर कानच मोकळे व्हायचे.

भोकं पाडायचं काम मामांचं. घरी तेलुगू बोलणारे, वयस्कर. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. दुपारी माझ्या डब्यातली भाकरी ते अर्धी मोडून घ्यायचे आणि त्यांची आंबट डाळ, पप्पू, माझ्यापुढे सरकवायचे. त्यांचा एकच नियम होता. राखीव माळ मागावर चढवायची नाही. चालू माळ फाटली, तर राखीव पुढ्यात ठेवून नवी पाडायची. "मागाला काय कळतंय बे," ते म्हणायचे, "समोर येईल ते खातो."

आवळ्याच्या डहाळीची नक्षी त्यांनी स्वतः काढली होती. बारीक पानं, एकेका पानात तीन छटा. तिला चार महिने लागले. मूळ कागद हाताळून हाताळून फाटला. "आता डोळे देत नाहीत रे. ही शेवटची," असं म्हणत त्यांनी तिची राखीव माळ माझ्या हातात दिली होती.

लग्नसराईत, मामा लेकीच्या बाळंतपणासाठी गावाला गेलेले असताना, त्या नक्षीची चालू माळ शिवणीपाशी फाटली. मागांवर देखरेख करणारा जॉबर दारात येऊन उभा. "ओ कारकून, माग उभा हाय की! दुसरी द्या."

"मामा येऊ देत. नवी पाडतील."

"तवर काय आरती करू मागाची? दोन दिस द्या, लई जपून चालवतो."

मी दिली. वर फाटकी माळ रद्दीत टाकून मोकळा झालो. पाचव्या दिवशी पुठ्ठे मागात अडकले आणि कुणी बघेपर्यंत माळेच्या मधल्या भागाचा चुरा झाला. नक्षी संपली. मालकांनी मला बोलावलं.

"राखीव कुठंय?"

"मामांनी केलीच नव्हती," मी म्हणालो. "डोळ्यांमुळे राहिली असेल."

चुरा झालेली तीच चालू माळ समजून मालकांना ते पटलं. जॉबर खाली बघत राहिला. त्याचंही त्यात भागत होतं. मामा परत आले तेव्हा त्यांची भोकं पाडायची जागा दुसऱ्याला दिली होती. त्यांना चादरींच्या घड्या घालायला बसवलं. संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले.

"मी केलतो ना रे दुसरी? तुझ्याच हातात दिलतो ना?"

तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "नाही मामा. राहूनच गेली."

ते कपाटाकडे बघत राहिले. मग स्वतःच्या कपाळावर टिचकी मारून म्हणाले, "मग माझंच डोकं गेलं असेल." त्यानंतर ते साधी गोष्टसुद्धा विचारून घ्यायला लागले. डबा आणलाय का मी? आज मंगळवार ना? मी उत्तरं द्यायचो. नोकरी गेली असती ही भीती खरी होती, पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा मी काढून घेतला होता, आणि ते मला रोज दिसत होतं.

मी सोलापूर सोडायच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: जॉबर, पाच दिवस, मालकांपुढचं खोटं.

मामांनी आत वळून बायकोला तेलुगूत मोठ्याने काहीतरी सांगितलं. ती दारात आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"परत म्हण," मामा मला म्हणाले. "हिला ऐकू दे. ही पण मला विसराळू म्हणते."

मी त्यांच्या पायांशी बसलो आणि दोघांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामी, मामा काही विसरले नव्हते. माळ त्यांनी केली होती, माझ्या हातात दिली होती. खोटं मी बोललो. मामा, मला माफ करा."