टिपकागदावरचं तेल

मध्य भारत राज्य मोडलं आणि आमची कचेरी उज्जैनहून भोपाळला हलणार, असं ठरलं. त्यामुळे धाकट्या बहिणीचं लग्न आम्ही घाईनं काढलं. नेमके लग्नाच्याच सकाळी नळ कोरडे. मी तणतणत क्षिप्राकाठच्या पंपघरात गेलो.

तिथला इंजिनवाला मला फक्त पाहून माहीत होता. घाटावर जाताना रोज दिसायचा. सळईनं इंजिनातलं तेल काढायचा, टिपकागदावर थेंब सोडायचा आणि तो पसरेपर्यंत मान तिरकी करून बघत राहायचा.

"काल तर इंजिन चांगलं चालत होतं! आज घरी लग्न आणि आजच बंद का केलं?" मी ओरडलो.

त्यानं कागद उजेडात धरला. काळ्या डागात धातूची बारीक चमकी होती.

"बेअरिंग घासतंय, भैयाजी. आत्ता बदललं तर दुपारी पाणी देतो. तसंच चालवलं तर इंजिनच बसेल, मग सगळं शहर बोंबलेल. आजचा तुमचा राग चालेल मला."

माझा राग काही गेला नाही. विहिरीच्या पाण्यावर आम्ही पहिली पंगत कशीबशी उठवली. दुसरी बसताना नळ खळाळला.

थोड्या वेळानं मांडव शोधत तो मागच्या दारी आला, कोपरापर्यंत काळा.

"पाणी आलं ना?"

"आलं हो. आता जेवूनच जा," आई म्हणाली.

"नको काकी, नवं बेअरिंग आहे. तेल पुन्हा बघायचंय."

आईनं भरून दिलेलं ताट मीच पंपघरात नेलं. त्यातला लाडू तो उभ्यानंच खात होता, डावा हात धडधडत्या इंजिनावर ठेवून.