गाळलेली ओळ

जंगलाच्या ज्या पट्ट्यात झाडतोड चालू होती त्या कूपातून दोन मजूर धावत आले आणि अंगणात मुंडासं काढून उभे राहिले, तेव्हाच मी काय ते समजले. माझे यजमान आलापल्लीच्या जंगलात नाकेदार. तोडायच्या सागावर सरकारी हातोड्याची खूण उमटवणं हे त्यांचं काम. त्या सकाळी पडत्या सागाची फांदी त्यांच्या छातीवर आली. "बाई, भाऊ गेले," मजुरांतला म्हातारा म्हणाला. त्याला आता महिना झाला.

माणूस शांत, इतका की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भाजी खारट झाली तरी "देवाची इच्छा" म्हणून खायचे. "देवाची नाई, माह्या हाताची चूक हाय," मी म्हणायची, आणि ते हसायचे...

सात वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमची चार वर्षांची सलोमी तापाने फणफणली. चांद्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, पण नाला दुथडी भरून वाहत होता. हे गाडी फिरवून घरी आले आणि तिच्या उशाशी गुडघे टेकले. तीन दिवस आम्ही दोघं "वाचव" म्हणत होतो. चौथ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "देवा, आता तुह्या मनासारखं होऊ दे."

मी ओरडले, "त्याच्या मनासारखं काऊन? माह्या मनासारखं काऊन नाई? झाडावर हातोडा मारता तसा पोरीवर मारून राह्यले तुम्ही!"

दुपारी ती गेली. संध्याकाळी नाला उतरला.

पुढे रोज दिवेलागणीला आम्ही येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायचो, पण 'तुझी इच्छा पूर्ण होवो' ही ओळ आली की मी तोंड मिटायची. यांनी कधी टोकलं नाही. ती ओळ ते एकटेच म्हणायचे, जरा सावकाश, आणि पुढचं पुन्हा आम्ही दोघं मिळून. मला वाटायचं, एकदा तरी या माणसाने देवाशी भांडावं, आपल्या मनासारखं मागावं.

त्या सकाळी अंगणात म्हाताऱ्या मजुराला मी विचारलं, "शेवटी काही बोलले का ते?"

तो खाली बघत म्हणाला, "'देवा, मले वाचव' म्हनत व्हते, बाई. लय रडले."

ज्या मागण्यासाठी मी सात वर्षं झुरले ते त्यांनी अखेर मागितलं, आणि तेही कुणी ऐकलं नाही.  त्यांचा तो भरवसा मला डाचायचा खरा, पण घर त्याच्यावरच उभं होतं.

आता दिवा लावून एकटीच बसते. ती ओळ येते आणि सवयीने मी गप्प होते. त्यांच्या सतरंजीवर गुडघ्यांच्या जागा विरल्या आहेत, तिकडे बघत थांबते... ओळ कुणीच म्हणत नाही. मग प्रार्थनेतल्या पुढच्या ओळीत रोजची भाकर मागते, आणि एकटीपुरता भात टाकायला उठते.