सहीची आवश्यकता नाही

भाईंदर पश्चिमेला, भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, मी आणि कॉम्प्युटर आत बसलो की गिऱ्हाइकाने श्वास बाहेर सोडून यायचं. पाटी मात्र गल्लीभर: कॉम्प्युटराइज्ड जन्मपत्रिका व गुणमेलन. पाटीवर शनीचं चित्र होतं. पेंटरने त्याला चुकून दोन कडी घातली होती. कुणी विचारलं तर मी सांगायचो, नवीन संशोधन आहे.

थापा मारण्यात त्या काळी ठाणे जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. आमचा कॉम्प्युटर थेट आकाशाला जोडलाय, असं म्हणून मी शेजारच्या केबलवाल्याच्या छत्रीकडे बोट दाखवायचो. मशीन अडकलं की ओठांवर बोट. "शांत बसा, शनी लोड होतोय. जड ग्रह आहे, वेळ लागतो." माझ्या प्रिंटरचा आवाज वरसाव्याच्या पुलापर्यंत जायचा आणि तिथले ट्रकवाले हॉर्न समजून बाजूला व्हायचे. लोकांचा विश्वास तर असा, की किनाऱ्याकडच्या डोंगरी गावाहून एक ख्रिस्ती आजोबासुद्धा बसने आले. म्हणाले, "आमच्यात असलं न्हाय, पण मशीन काय बोलतंय ते तरी बघू."

कुठल्याशा बिलाखाली मी एक ओळ वाचली होती. ती मला फार आवडली, म्हणून प्रत्येक पत्रिकेखाली छापायला लागलो: 'हा कागद संगणकावर तयार केला असल्याने सहीची आवश्यकता नाही.' काय वजन होतं त्या ओळीला! आमच्या भटजींनाही असं वजन नव्हतं.

एके दिवशी दुपारी समोरच्या सोसायटीतल्या वहिनी आल्या. त्यांच्या मुलासाठी त्यांच्याच मजल्यावरच्या एका मुलीचं सांगून आलं होतं. मुलीच्या वडिलांनी तिची जन्मतारीख आणि वेळ मला सकाळीच आणून दिली होती. मी दोघांचे गुण काढूनही ठेवले होते. छत्तीसपैकी अठ्ठावीस.

"अठ्ठावीस?" वहिनींचा चेहरा पडला. "भाऊजी, कमी नाही होणार?"

"लोक वाढवून मागतात वहिनी. कमी मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मुलाच्या ऑफिसात कुणीतरी आहे हो. त्याने काल सांगितलं. आता तिच्या आईला तोंडावर नाही कसं म्हणू? रोज एका गॅलरीत कपडे वाळत घालतो आम्ही. पत्रिका जुळत नाही म्हटलं की कुणाचं मन दुखत नाही."

खरंच होतं ते. आपल्याकडे नकार देण्याची ही जुनी, सभ्य रीत. भटजी मान हलवत 'योग नाही' म्हणायचे, सगळे चहा प्यायचे, आणि ते दोन शब्द वाऱ्यावर विरून जायचे. मला वाटलं, यात काय पाप? उलट पुण्यच. मी बाह्या सरसावल्या आणि मुलीच्या वेळेत फक्त दोन आकडे बदलले. १०:२०चं २२:२० केलं. सकाळची रात्र झाली. गुण साडेचौदावर आले आणि सहाव्या घरातला मंगळ टुणकन उडी मारून बाराव्यात जाऊन बसला. म्हणजे मुलगी मंगळी. मंगळ कुणी मागितला नव्हता. तो फुकटात आला.

"कॉम्प्युटरच नाही म्हणतोय, त्याला कोण काय करणार?" असं म्हणून मी मुलीच्या घरी द्यायला वहिनींच्या हातात कागद दिला. निघताना त्या हसल्या, मीही हसलो. कागद वाऱ्यावर विरत नाही, हे काही डोक्यात आलं नाही.

दोन वर्षांनी ती मुलगी स्वतः दुकानात आली. हातात तोच कागद, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला.

"काका, ही वेळ तुम्ही टाकलीत?"

"कॉम्प्युटरने टाकली," मी सवयीने म्हणालो.

"मी दिवसभर ऑफिसात एन्ट्रीच करते काका. दहाचे बावीस आपोआप होत नाहीत." तिने हॉस्पिटलची चिठ्ठी कागदाशेजारी ठेवली. सकाळी दहा वीस. "आमच्या घरी दोन वर्षं सगळ्यांनी गुण वाचले. वेळ कुणी वाचलीच नाही. मीसुद्धा परवा वाचली."

मग तिने सांगितलं. तिचे वडील सरळ माणूस. कुठलंही स्थळ आलं की आधी हा कागद पुढे करतात. फसवणूक नको म्हणून. आजोबांनी हाताने लिहिलेली पत्रिका होती, तिच्यात मंगळ नव्हता. ती त्यांनी कपाटात टाकून ठेवली. म्हणाले, "आजोबांचं गणित चुकलं असेल, कॉम्प्युटरचं चुकत नाही." चार ठिकाणी कागद बघूनच लोक उठले. आता मंगळ असलेला एक मुलगा बघितलाय. तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. रविवारी शब्द द्यायचाय.

"हात घसरला असेल तर तसं म्हणा काका. मी काही म्हणणार नाही."

किती सोपा दरवाजा उघडून दिला होता पोरीने! आणि मी काय केलं? मी व्हायरस काढला. त्या वर्षी परदेशातून एक व्हायरस आला होता, तो बरोबर सकाळच्या वेळा रात्रीच्या करायचा, त्याने मीरा रोडच्या निम्म्या पत्रिका खाल्ल्या, एका मुलाला तर जन्माआधीच साडेसाती लागली. मी रंगात आलो होतो. ती शेवटपर्यंत ऐकत होती. एकदाही हसली नाही.

"बरं," ती म्हणाली. "बरोबर वेळ टाकून नवीन काढून द्या."

काढली. अठ्ठावीस गुणांच्या लायकीची, स्वच्छ, बिनमंगळाची.

"आता खाली लिहा, आधीच्या कागदात वेळ मी चुकीची टाकली होती. आणि सही करा. नाहीतर बाबा म्हणतील, कॉम्प्युटर एकदा असं बोलतो, एकदा तसं. माणसाने लिहिलं तर मानतील."

मी त्या छापील ओळीवर बोट ठेवलं. "अगं, सहीची आवश्यकता नाही."

"आवश्यकता नाही काका. पण करता येते ना?"

सही केली असती तर गल्लीत चर्चा झाली असती, वहिनींचं नाव निघालं असतं, पाटी उतरवावी लागली असती. हे सगळं माझ्या डोक्यात आकाशाला न जोडताही लगेच लोड झालं.

"पेन नाहीये गं," मी म्हणालो.

तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. पेन खिशातच होतं. टोपणासकट, निळं. तिने ते मागितलं नाही. दोन्ही कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवले आणि गेली.

त्या रविवारी काय झालं, मला ठाऊक नाही. समोरच्याच सोसायटीत होती, विचारता आलं असतं. विचारलं नाही. पुढे ते लोक घर विकून गेले.

व्हायरसची गोष्ट मात्र मी नंतर कितीतरी मैफलींत सांगितली. दर वेळी व्हायरस मोठा होत गेला, लोक पोट धरून हसले. त्या गोष्टीत ती मुलगी नसायची, आणि पेनही नसायचं. आज पहिल्यांदा दोन्ही घातलंय, आणि त्यातलं काही वाढवून सांगितलेलं नाही.