काकांच्या खोलीतली बाई

काकांच्या खोलीत दुपारी एक बाई येते, अशी इमारतभर कुजबुज होती. तिला येताना कुणी पाहिलं नव्हतं, जातानाही नाही. पण जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकानं तिला ऐकलं होतं. तोंडाचा नुसता पट्टा सुरू, आणि काका उलट एक शब्द बोलत नाहीत. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी काकूला गाठलंच. "तुम्हाला माहीत आहे ना हो?"

"माहीत आहे की," काकू म्हणाली. "तिच्याच जिवावर तर घर चाललंय."

खरी गोष्ट अशी, की त्या बाईला घसाच नव्हता. काकांची नजर चाळिशीत हळूहळू गेली. तेव्हापासून इस्पितळातले डॉक्टर जे अहवाल बोलून ठेवतात, ते काका घरी बसून टाइप करतात आणि कॉम्प्युटर त्यांना ते वाचून दाखवतो, बाईच्या आवाजात. आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा. त्यात काका तो असा पळवतात की इतरांना नुसती खरखर ऐकू येते.

तर त्या कॉम्प्युटरनं एका सकाळी मान टाकली. सोमवारपर्यंत दुसरा आला नाही, तर इस्पितळ काम दुसऱ्याला देणार होतं. काका, काकू आणि दिसेल त्याची नक्कल करणारी शाळकरी पुतणी, असे तिघं दुकानात गेले.

"मशीन हेच घ्या," दुकानदार म्हणाला. "आत ऑपरेटिंग सिस्टीम कुठली घालू? वाचणारी बाई तिच्याबरोबरच येते. जुनीचं वय झालंय काका. वर्षभरानं इंटरनेटवरून व्हायरस शिरला तरी कंपनी तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. ही नवी ऐका."

नवी बोलली. काय तो लाडिक आवाज! वाक्याच्या मधे श्वाससुद्धा घेत होती. काकू तिथंच विरघळली. "अहो, हीच घ्या. इतकी वर्षं त्या खेकसणारीबरोबर काढलीत."

"तुझ्याबरोबरही काढलीच ना," काका म्हणाले.

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, अहवालातली एक ओळ टाइप केली, आणि मुद्दाम 'फुप्फुसात'च्या जागी 'फुप्सुफात' दाबलं. नवीनं मधाळ सुरात 'फुप्फुसात' वाचलं.

"चुकलेला शब्द ती स्वतःच सुधारून वाचते," दुकानदार खुलला. "नवीन सोय आहे!"

"आणि कागदावर?"

"कागदावर तुम्ही लिहिलंय तसंच."

"म्हणजे मला बरोबर ऐकू येणार आणि डॉक्टरकडे चूक जाणार. ही सोय बंद होते?"

दुकानदारानं बरीच खुडबुड केली. "सध्या तरी नाही."

मग जुनीला तीच ओळ दिली. तिनं 'फुप्सुफात' असं काही ठणकावलं, की शेजारचं गिऱ्हाईक दचकून वळलं.

"हीच," काका म्हणाले. "पांघरूण घालणारी मला नको."

"आणि वर्षानंतर?"

"तोवर नवीला कुणीतरी खरं बोलायला शिकवेल. नाहीतर हिचं इंटरनेट तोडू आणि अहवाल पेनड्राइव्हवर पाठवू. तशी ती घरातच बसणारी आहे."

काकू दोन दिवस फुगून होती. सोमवारचं काम मात्र सोमवारी गेलं.

पुतणीच्या जिभेला तेव्हापासून खाज सुटली होती. "काका, मधेच हिचा आवाज बंद करून मी वाचेन. तुम्हाला कळणारसुद्धा नाही!" आठवडाभराची भांडी पणाला लागली. काकांनी तिच्यासाठी वेग कमी केला, एक अहवाल उघडला आणि हात बांधून बसले. डब्यातले खिळे खडखडत राहिले. अहवाल संपला. काका नुसते मान डोलावत होते. पुतणी हसू दाबून दाबून लाल झाली.

"तिसऱ्या ओळीला तू होतीस," काका म्हणाले.

"कशावरून? आवाज चुकला?"

"छे, आवाज अगदी तोच. काकूलाही फरक कळला नसता. पण तिसऱ्या ओळीत मी 'मणक्यात'चं 'मकण्यात' करून ठेवलं होतं. तू सरळ 'मणक्यात' वाचून मोकळी झालीस." ते खुर्चीत मागे रेलले. "तू नवीच निघालीस गं."

"घासणी ओट्यावर आहे!" काकू आतून ओरडली.

हे लिहितानाही पुतणीच्या बोटांना साबणाचा वास येतो आहे.